शरीराची खूण आणि गावाचा हात: चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आरोग्यसेवेच्या चर्चेचा आढावा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत गेली चाळीसएक वर्षं एक वाद चालू आहे. आजारी शरीर तपासायचं कोणी? शिकलेल्या डॉक्टरांनी दवाखान्यात, की थोडं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्याच बाईने घरात? पहिल्या बाजूला सुरक्षितता, दर्जा आणि कायदा आहे. दुसऱ्या बाजूला अंतर, पाऊस, वेळ आणि लोकांचा विश्वास आहे. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं उभी आहेत आणि दोघांकडेही दाखवण्यासारखं काम आहे.

हा वाद बहुधा संपूर्ण शरीराबद्दल एकदम घातला जातो. शरीर मात्र एकाच रीतीने बोलत नाही. फुप्फुस बिघडलं की ते दिसतं आणि मोजता येतं. रक्तातला दोष डोळ्यांना दिसत नाही. मज्जातंतू मेला की वेदना थांबते, म्हणून रोगी निर्धास्त राहतो. रक्तदाब तर वर्षानुवर्षं काहीच कळवत नाही. त्यामुळे गाव की दवाखाना या प्रश्नाचं उत्तर शरीरातल्या प्रत्येक संस्थेसाठी वेगळं येतं. हा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि दहातले जवळजवळ चार लोक आदिवासी आहेत. उत्तरेला कोरची, दक्षिणेला सिरोंचा, मधे धानोरा, एटापल्ली, भामरागड. गोंडी, माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली अशा भाषा एका जिल्ह्यात बोलल्या जातात. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यामुळे एकाच पट्ट्यात जंगलातले जुने आजार आणि उद्योगाचे नवे आजार शेजारी शेजारी नांदतात.

सरकारी यंत्रणा इथे उशिरा आणि विरळ पोचली. त्याआधी काही माणसं आली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभं राहिलं. १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया लोकांत राहून उपचार करू लागले. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ या संस्थेमार्फत त्यांनी उपचारासोबत संशोधन मांडलं. तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या. आनंदवनाने रोग्यांची वसाहत उभी केली, हेमलकशाने जंगलात दवाखाना नेला, सर्चने दवाखान्यातलं काही ज्ञान गावाच्या हातात दिलं. आज या भागातल्या आरोग्यावर जे काही बोललं जातं, त्याची मुळं या तीन प्रयोगांत सापडतात.

श्वास

वादाची सुरुवात लहान मुलांच्या न्यूमोनियापासून झाली, आणि ते साहजिक होतं. फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या पू आणि पाण्याने भरल्या की फुप्फुस ताठर होतं. मोठा श्वास घ्यायला फार जोर लागतो, म्हणून मूल उथळ आणि भरभर श्वास घेऊ लागतं. आणखी बिघडलं की बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो. ही दोन्ही लक्षणं अंगावरचं कापड बाजूला केलं की कोणालाही दिसतात. एक्स-रे लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असेल तर तो जलद मानायचा, हे मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेलं आहे.

अडचण मोजण्याची होती. गावातल्या कित्येक सुइणींना बाराच्या पुढे अंक येत नव्हते. सर्चने त्यासाठी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर बोट आलं तर उपचार सुरू करायचा. औषध होतं कोट्रायमोक्साझोल. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होतं.

इथे गावाच्या बाजूचा युक्तिवाद सर्वांत भक्कम आहे. खूण उघडी आहे, मोजमाप सोपं आहे, औषध तोंडाने देता येतं आणि वेळ फार थोडा असतो. आक्षेपही तितकाच खरा आहे. जलद श्वास प्रत्येक वेळी न्यूमोनियाच असतो असं नाही. दमा, ताप, विषाणूचा साधा संसर्ग यांतही श्वास वाढतो. मग कित्येक मुलांना विनाकारण प्रतिजैविक मिळतं आणि जंतू औषधाला सरावतात. हा आक्षेप पुढच्या काळात अधिक धारदार झाला आहे, कारण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ही आता जगाची चिंता आहे. पण औषध न मिळून मरणारं मूल आणि गरज नसताना औषध मिळालेलं मूल यांना एकाच तराजूत घालता येत नाही, हे गावात काम करणाऱ्यांचं उत्तरही टाळण्यासारखं नाही.

श्वासाच्या प्रश्नाची दुसरी बाजू चंद्रपूरच्या हवेत आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ‘गंभीर प्रदूषित’ ठरलं. कोळशाची बारीक धूळ आणि राखेचे कण श्वासनलिकेत खोलवर जातात आणि वर्षं लोटली की तिथे कायमची सूज राहते. ही हानी मण्यांनी मोजता येत नाही. फुंकून पाहण्याची चाचणी लागते, जुन्या नोंदी लागतात, आणि उपाय दवाखान्यात कमी, चिमणीशी आणि खाणीशी जास्त असतो. एकाच फुप्फुसाचे दोन आजार आहेत. एक गावातल्या प्रशिक्षित बाईच्या आवाक्यात आहे, दुसरा प्रशासनाने कारखान्याशी बोलल्याशिवाय हलत नाही.

नवजात बाळ

सर्वांत मोठा वाद नवजात बाळाभोवती झाला आणि सर्वांत जास्त शास्त्रीय नोंदही याच विषयाची आहे.

१९९५-९६ मध्ये सर्चने ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन निरीक्षणं नोंदवली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. मिळाली फक्त २.६ टक्क्यांना. बाळंतपणं बहुतेक घरीच होत होती. बाळ पहिले काही दिवस बाहेर काढायचं नाही अशी रीत होती, आणि दवाखाना तर दूरच होता.

नवजात शरीर अगदी वेगळ्या नियमांनी चालतं. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून ऊब झपाट्याने निघून जाते. थंडीने कुडकुडणं त्याला जमत नाही. मानेजवळ आणि पाठीवर साठलेली विशेष चरबी जाळून ते ऊब निर्माण करतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ती चरबीही थोडीच असते. थंड पडलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून साखर उतरते, साखर उतरली की आणखी थंड पडतं. रोगप्रतिकाराची ताकद कच्ची असल्याने जंतुसंसर्ग तासांत पसरतो, आणि मोठ्या माणसासारखा ताप येईलच असं नाही. म्हणून खुणा वेगळ्या असतात. रडणं क्षीण होणं, दूध सोडणं, हातपाय सैल पडणं, अंग थंड लागणं. या खुणा आईला कोणाही डॉक्टरच्या आधी कळतात.

१९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत सर्चने घरच्या घरी नवजात बाळाची सेवा देऊन पाहिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जन्माच्या वेळी हजर राहणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला मुखवट्याने हवा देणं, वजन करणं, ऊब देणं, दूध पाजायला शिकवणं आणि जंतुसंसर्गाच्या ठरावीक खुणा दिसल्या तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं हे त्यांचं काम. नवजात मृत्यूचा दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ तिथेच राहिला. १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये हा अहवाल आला आणि जगभर चर्चा सुरू झाली.

आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला पद्धतीचा: गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. दुसरा वैद्यकीय आणि कायदेशीर: डॉक्टर नसलेल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन देणं कितपत सुरक्षित? तिसरा, माझ्या मते सर्वांत वजनदार: हे यश सर्चच्या कडक देखरेखीचं आहे, सरकारी यंत्रणेत ते उतरेल का? पहिल्याला काही अंशी उत्तर बांगलादेशातून मिळालं. सिल्हेटमधल्या चाचणीत, जिथे गट यदृच्छेने पाडले होते, घरी जाऊन केलेल्या सेवेने नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

भारत सरकारने २०११ साली ही पद्धत आशांमार्फत, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पण गडचिरोलीच्या मूळ पद्धतीतला सर्वांत वादग्रस्त भाग, इंजेक्शन, आशांच्या हाती दिला गेला नाही. २०१४ साली काही विशिष्ट परिस्थितीत एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेला, जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. म्हणजे राष्ट्रीय कार्यक्रमात निरीक्षण गावाकडे आलं आणि उपचाराचा धारदार भाग यंत्रणेकडे राहिला. कोणी याला शहाणी तडजोड म्हणतात, कोणी अर्धी शस्त्रक्रिया.

दरम्यान परिस्थितीही बदलली. २००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष आले. दवाखान्याच्या बाजूचं म्हणणं असं की श्वास न घेणारं किंवा फार अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचवायला ऑक्सिजन, सलाईन, फोटोथेरपी आणि रात्रंदिवस नर्स लागतात, हे घरात होणार नाही. ते खरं आहे. पण दवाखान्यातून बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं आणि उरलेला धोक्याचा महिना झोपडीतच जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होत आला आहे. त्या दिवसांत संदर्भसेवा हा शब्द कागदावर राहतो. यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे आरोग्य केंद्राजवळची माहेरघरं. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहायचं. कल्पना चांगली आहे. घरात मोठं मूल, गुरं आणि हंगामाचं काम असताना आठवडाभर येऊन राहणं किती बायकांना जमतं, यावर तिचं यश अवलंबून राहतं.

रक्त

श्वास मोजता येतो, रक्ताचं तसं नाही. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. प्लीहा हळूहळू निकामी होते, म्हणून संसर्ग लवकर जडतात. थंडी, पाणी कमी पडणं, अतिश्रम यांनी कळा उठतात. धानाच्या हंगामात चिखलात उभं राहून राबणाऱ्या तरुणाच्या शरीरात हे सगळं एकत्र येतं.

ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळाला तो वाहक. तो साधारणपणे निरोगी असतो आणि घातक मलेरियापासून त्याला काही संरक्षणही असतं. मलेरियाच्या जंगलांत हा जनुक टिकला तो म्हणूनच. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक.

सुरुवातीच्या काळात सर्चने सिकलसेलचा अभ्यास केला, तेव्हा लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही, असं अभय बंग यांनी सांगितलेलं आहे. हे समजण्यासारखं आहे. आजार रक्तात लपलेला होता आणि चाचणी झाली तरी हातात देण्यासारखं औषध नव्हतं. आज चित्र वेगळं आहे. विरघळण्याची साधी चाचणी गावात होते, नंतर प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी तपासणीने खात्री करतात, हायड्रॉक्सियुरियाने कळा कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य आहे.

या विषयात दोन मतं स्पष्ट आहेत. एक म्हणतं, तपासणी करा, कार्ड द्या, लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून पाहा, पुढच्या पिढीत आजार घटेल. दुसरं म्हणतं, लग्न जुळवताना कार्ड पाहू लागले की वाहक मुलीचं लग्न मोडेल, मुलगा मात्र सुटेल. जनुक दोघांत सारखाच असतो, समाजातली किंमत सारखी नसते. शिवाय निर्मूलनाच्या भाषेत, आज आजार घेऊन जगणाऱ्यांची काळजी मागे पडण्याचा धोका आहे. त्यांना नियमित औषध, वेळेवर रक्त, लहान मुलांना पेनिसिलिन आणि लसी हव्यात. आणखी एक वैद्यकीय मतभेद आहे. भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या मुलांवरच्या अभ्यासांनी दाखवलं की तीव्र कळा, रक्त चढवण्याची गरज आणि गुंतागुंत इथेही कमी नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट होती. पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र टक्क्यांत मिळतं, आणि हा आजार टक्क्यांत बसत नाही. कळ नसताना रोगी धडधाकट दिसतो, कळ आली की कित्येक दिवस उठू शकत नाही. मजुरी बुडते ती त्या दिवसांची. सामाजिक सुरक्षेची रचना या चढउताराला अजून जुळलेली नाही.

याच रक्तात मलेरियाही आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा अनेक वर्षं मोठा राहिला आहे आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम हा प्रकार प्रमुख आहे. इथे मात्र रक्त थोडं बोलकं झालं. बोटाला टोचून एका थेंबात पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी आली आणि आशा गावातच निदान आणि आर्टेमिसिनिन संयोगाचं औषध देऊ लागल्या. तंत्रज्ञानाने खूण उघडी केली की काम गावाकडे सरकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. उरलेला पेच असा की लक्षणं नसलेल्या माणसांच्या रक्तातही परजीवी राहतात. ते आशाकडे येत नाहीत, आणि डास त्यांच्यापासूनच रोग पसरवतात.

रक्तातलं लोह हा तिसरा पेच. ॲनिमियाला लोहाच्या गोळ्या हे नेहमीचं उत्तर. गडचिरोलीत रेशनवर लोहयुक्त तांदूळ देण्याचा प्रायोगिक कार्यक्रमही झाला. पण सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढतं त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं, आणि शरीराकडे जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्ग नाही. म्हणून अशा अन्नाच्या पाकिटांवर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी इशारा छापला जात असे. तांदळातून जाणारं लोह इतकं थोडं आहे की त्याने अपाय होत नाही, असं सरकारी तज्ज्ञांचं मत झालं आणि २०२४मध्ये इशारा काढण्याकडे कल गेला. नागरिकांचे गट विचारतात की जिथे वाहक आणि रुग्ण दोन्ही भरपूर आहेत तिथे सगळ्यांना एकच तांदूळ देण्याआधी घरोघरची तपासणी पूर्ण का नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जोवर सिकलसेलची तपासणी आणि रेशनचा तांदूळ या दोन योजना एकमेकींशी बोलत नाहीत, तोवर हा प्रश्न मिटणार नाही.

मज्जातंतू

कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, म्हणजे कातडीत आणि कातडीजवळच्या मज्जातंतूंत. तंतू मरतो तेव्हा दुखणं थांबतं. चुलीवरचं भांडं उचलताना हात भाजतो पण कळत नाही, पायात काटा शिरतो तो तसाच राहतो. बोटं झडतात ती जंतूमुळे थेट नाहीत, न कळलेल्या जखमांमुळे. बहुविध औषधोपचार १९८२पासून आला आणि रोग बरा होऊ लागला. २००५च्या शेवटी भारताने राष्ट्रीय पातळीवर निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. या पट्ट्यात मात्र नवे रुग्ण सापडत राहिले आहेत.

निर्मूलन जाहीर झाल्यावर कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली. एका मताने हे योग्यच झालं, कारण वेगळा दवाखाना म्हणजे वेगळा शिक्का. दुसऱ्या मताने त्यामुळे चट्टे ओळखणारी सरावलेली नजर हरवली. आनंदवनाचाही असाच पुनर्विचार चालतो. जेव्हा कोणी रोग्याला दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्या वसाहतीने शेती, उद्योग, शिक्षण आणि मान दिला. आता उपचार लवकर झाले तर माणूस घरीच राहू शकतो, म्हणून वसाहतीची गरज घटते. पण जुन्या विकृती घेऊन म्हातारे झालेले शेकडो लोक आहेत, त्यांना घर नाही. वैवाहिक कायद्यांतून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण काढायलाही २०१९ उजाडलं.

मज्जातंतूंचा दुसरा इथला प्रश्न साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा बहुधा दुखत नाही. पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग छातीचे स्नायू थांबतात. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर बसतं, आणि एकदा तिथे हानी झाली की प्रतिविष देऊनही ती लगेच उलटत नाही. तास न् तास कृत्रिम श्वास द्यावा लागतो. घोणस रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. ते ओळखायला स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवणं पुरतं. ही चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. पिशवीने श्वास देत रोग्याला मोठ्या दवाखान्यापर्यंत नेणंही शिकवता येतं. केंद्राने मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचं लक्ष्य ठेवलं. इथे गाव आणि दवाखाना अशी निवडच नाही. दोघांमधला रस्ता हाच उपचार आहे.

स्त्रीचं शरीर

डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण बाईचं शरीर सरकारी कार्यक्रमात गर्भारपण आणि नसबंदी एवढ्यापुरतंच होतं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटाची सूज, पाळीचे त्रास ही दुखणी कोणाच्या रजिस्टरमध्ये नव्हती. १९९४च्या कैरो इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेने प्रजनन आरोग्याची व्यापक कल्पना मांडली, तिच्या आधीच्या पुराव्यांत या अभ्यासाची गणना होते.

पुढे त्या आकड्यावर चर्चा झाली. बाईने सांगितलेला त्रास, डॉक्टरला दिसलेलं चिन्ह आणि प्रयोगशाळेचा निकाल हे तिन्ही नेहमी जुळत नाहीत. पांढरं जाणं कित्येकदा निसर्गनियमानेच असतं. कशाला रोग म्हणायचं यावर टक्केवारी बदलते. हा मुद्दा रास्त आहे. पण ज्या बायकांना कधीच कोणी विचारलं नव्हतं त्यांना विचारलं गेलं, हे त्या अभ्यासाचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

कुर्माघराचा वाद याच्या शेजारचा. माडिया गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं, अशी प्रथा आहे. पडकी झोपडी, साप, थंडी, पाण्याची वानवा यांनी जीव धोक्यात येतात. काहींना प्रथा बंदच व्हायला हवी. काही संस्थांनी आधी पक्कं घर, पाणी, शौचालय, पलंग द्यायचं ठरवलं. विरोधकांना वाटतं की त्याने प्रथाच पक्की होते. गावातल्या बायका स्वतः दोन्ही बोलतात. काहींना ती कैद वाटते, काही म्हणतात की वर्षात मिळणारी विश्रांती तेवढीच. या वादात शरीरशास्त्राचं उत्तर सोपं आहे, समाजाचं नाही.

रक्तवाहिन्या, यकृत आणि दारू

संसर्गजन्य रोगांच्या जिल्ह्यात एक अनपेक्षित निष्कर्ष २०१५ साली आला. २०११ ते २०१३ दरम्यान सर्चने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा सर्वाधिक मृत्यू लकव्याने झालेले आढळले, १४.३ टक्के. मेंदूतली रक्तवाहिनी फुटणं किंवा तुंबणं याच्यामागे बहुधा वाढलेला रक्तदाब असतो, आणि तो दुखत नाही, दिसत नाही. आता आशा आणि आरोग्यदूत मशीनने रक्तदाब मोजतात. खरी अडचण त्यानंतरची आहे. काही होत नसताना जन्मभर रोज गोळी घ्यायची, हे पटवणं. न्यूमोनियाचं मूल तीन दिवसांत हसू लागतं आणि आरोग्यदूतावर विश्वास बसतो. रक्तदाबात असं काहीच दिसत नाही.

दारूचा वाद शरीरातून थेट राजकारणात जातो. लोकआंदोलनानंतर गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात स्त्रियांच्या मोठ्या चळवळीनंतर १ एप्रिल २०१५पासून बंदी आली आणि २०२१च्या मेमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीच्या बाजूने घरातली मारहाण, मजुरीची उधळण आणि यकृताचे आजार यांचा हवाला दिला जातो. विरोधात अवैध दारू, विषारी गाळप आणि महसुलाचं नुकसान. शेजारच्या दोन जिल्ह्यांत दोन धोरणं असणं हा अभ्यासाला मिळालेला दुर्मीळ योग आहे, आणि त्याचा आरोग्याच्या अंगाने शांतपणे उपयोग अजून पुरेसा झालेला नाही. २०१६पासून गडचिरोलीत चालणारं ‘मुक्तिपथ’ बंदीच्या जोडीला गावसभा, उपचार आणि जनजागरण अशी तिसरी वाट चोखाळतं.

अजून न सुटलेलं

पहिला प्रश्न आशांचा. श्वास मोजायचा, रक्ताची पट्टी करायची, रक्तदाब घ्यायचा, सिकलसेलचे नमुने गोळा करायचे, चट्टे शोधायचे, नवजात बाळाकडे सहा वेळा जायचं, ही सगळी कामं एका बाईच्या पिशवीत आली आहेत आणि तिला पगार नाही, मोबदला आहे. प्रत्येक कार्यक्रमाचा युक्तिवाद स्वतंत्रपणे पटतो. एकत्र आल्यावर ते एका माणसाच्या दिवसात मावत नाहीत.

दुसरा प्रश्न यशातून आला आहे. जन्मताच न रडणारी बाळं आता बहुतेक दवाखान्यात जन्मतात. आरोग्यदूताला पिशवी-मुखवटा वापरण्याची वेळ क्वचित येते, आणि हात न चालला तर कसब जातं. कमी वापरायचं पण वापरायच्या क्षणी अचूक लागणारं कौशल्य खेड्यात कसं टिकवायचं, याचा हिशेब कोणत्याही कार्यक्रमात धड मांडलेला नाही.

तिसरा, डॉक्टरांचा. चंद्रपुरात २०१५मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, गडचिरोलीला २०२४-२५च्या सत्रात मिळालं. तिथे शिकणाऱ्यांना मण्यारीचा दंश, सिकलसेलची कळ, फॅल्सिपेरमचा ताप आणि सुन्न तळहात हे पुस्तकातले अपवाद म्हणून शिकवले जाणार, की रोजचे रुग्ण म्हणून? आणि शिकून झाल्यावर त्यांतले किती जण एटापल्ली-धानोऱ्याच्या केंद्रांत राहतील? अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८च्या अहवालात आदिवासी भागांतल्या मनुष्यबळाची उणीव मांडली होती. जागा मंजूर होणं आणि माणूस हजर असणं यातलं अंतर तिथे अजून मोजलं जातंय.